निमल लग्नाला का आला नाही

सुरुवातीलाच माफी मागतो. एखादा माणूस गेल्यावर त्याच्याविषयी लिहायचं, तर ते त्याच्या जवळच्या कुणी लिहावं, किंवा निदान ज्याला लिहिता येतं त्याने तरी. मी या दोन्हींत बसत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही आणि परीक्षेतल्या निबंधांपलीकडे मी कधी काही लिहिलेलं नाही. ज्याच्याबद्दल लिहितोय त्याच्याबरोबर मी आयुष्यातला जेमतेम एक आठवडा काढला, तोही परक्या देशात, एका पांढऱ्या व्हॅनमध्ये. त्याचं नाव निमल. श्रीलंकेत तो पाहुण्यांना देश दाखवायचा. गाडी चालवणारा तोच आणि माहिती सांगणारा तोच. त्याच्या घरी कुणाला मराठी काय, इंग्रजीही येत नाही, तेव्हा हे त्यांच्यापर्यंत पोचायचं नाही. तरी लिहितोय, कारण काकांनी सांगितलं. "आपून त्याला गावभर खोटा बोललू," काका म्हणाले. "आता खरा काय ता गावभर समजाला पायजे. तू शिकलेला हायस. लिव." एवढं बोलून ते आत गेले. मी मात्र बरेच दिवस कोरा कागद घेऊन बसलो. तो या जगात नाही हे वाक्य लिहायचं म्हटलं की हात थांबतो... अजून थांबतो.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे चुलत भाऊ. आम्ही भिवंडीजवळच्या वळ गावचे. काकांची शेती हमरस्त्याला लागून होती, आमची आत होती, म्हणून त्यांच्या जमिनीवर गोदामं उभी राहिली आणि माझे वडील अजून दुसऱ्याच्या पॉवरलूमवर पाळी करतात. पण काकांनी हा फरक कधी जाणवू दिला नाही. गोदामाचं भाडं सुरू होण्याआधी त्यांनी स्वतः वर्षानुवर्षं टेम्पो चालवला होता. दोन हजार तीनच्या दसऱ्याला त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं, संगीताचं, लग्न ठरलं. तेव्हा काकी म्हणाली, "पोरगी जाईल. तिच्या आधी सगल्यांनी मिलून कुठं तरी जावाचा. जगाचा माल वाहिलास, आमाला कदी गारीत बसवून फिरवलास काय?" काकांना हे लागलं. त्यांनी एकदम परदेशाचंच काढलं. लंका जवळ, आणि तिथे सीतेचं देऊळ आहे असं काकीने ऐकलेलं. ठाण्याच्या एका टूरवाल्याने सगळं जमवून दिलं. काका, काकी, संगीता आणि चौथा मी; मला नेलं ते इंग्रजी बोलण्यासाठी. माझं इंग्रजी पुस्तकातलं होतं; ते तोंडाने कुणाशी बोललो नव्हतो. विमानात बाकीचे खिडकीतून ढग बघत होते आणि मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होतो.

कोलंबोच्या विमानतळाबाहेर एक बुटका, जाड मनगटांचा, चाळिशीचा माणूस काकांच्या नावाचा पुठ्ठा धरून उभा होता. पांढरा शर्ट, तेल लावून चोपून बसवलेले केस. आम्ही दिसताच तो हात जोडून हसला, आणि हसताना त्याने तोंडावर हात घेतला. ही त्याची सवय होती. काकांनी त्याच्याकडे नीट पाहिलंही नाही. ते सरळ व्हॅनकडे गेले, चारी टायर लाथेने दाबून पाहिले, वाकून खाली तेल गळतंय का ते पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण निमल रागावला नाही. त्याने पुढे होऊन बॉनेट उघडलं आणि बाजूला उभा राहिला. काकांनी आत डोकं घालून पाहिलं, मान वर काढली आणि म्हणाले, "यो खरा डायवर हाय!" मग काकीने पर्समधून घरून आणलेलं लिंबू-मिरची काढलं आणि त्याच्या गाडीला पुढे बांधून टाकलं. निमलने माझ्याकडे पाहिलं. दृष्ट लागण्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला येईना. मी नुसतं आधी त्याच्या डोळ्याकडे आणि मग गाडीकडे बोट दाखवलं. त्याने मान डोलावली. तासाभराने रस्त्याकडेच्या एका छोट्या बुद्धमंदिराशी त्याने गाडी थांबवली, उतरून पेटीत नाणं टाकलं, नमस्कार केला, आणि परत बसताना आमच्या लिंबू-मिरचीकडे बोट दाखवून हसला. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

पहिल्या दोन दिवसांत माझा धीर चेपला तो त्याच्यामुळे. त्याचंही इंग्रजी तुटकच होतं. मी अडलो की तो थांबायचा, घाई करायचा नाही, आणि शब्द सापडेपर्यंत समोरचा रस्ता बघत राहायचा. कॉलेजात मी एक वाक्य चुकलो की मागच्या बाकावरून हसू ऐकू यायचं... त्या व्हॅनमध्ये आयुष्यात पहिल्यांदा माझ्या इंग्रजीची कुणाला तरी गरज होती. जुन्या राजाचा किल्ला ज्या प्रचंड खडकावर आहे, तिथे निमल मन लावून राजाची गोष्ट सांगत होता आणि काका मला ढोसत होते, "त्याला इचार, वर पानी कसा चरवला? आनि इथं गुंठ्याचा भाव काय हाय?" पहिला प्रश्न मी विचारला. दुसरा विचारायची लाज वाटली, तर काकांनी स्वतःच हातवारे करून विचारला, आणि निमल इतका हसला की त्याला पायरीवर बसावं लागलं. मासळीच्या बाजारात तर काकीला माझी गरजच पडली नाही. ती आमच्या आगरी बोलीत बोलत होती, मासळीवाली सिंहलीत बोलत होती, दोघी एकमेकींच्या टोपलीतली मासळी उचलून कल्ले बघत होत्या, आणि शेवटी सौदा झाला. निमल मला म्हणाला, तुला आता सुट्टी.

कँडीच्या हॉटेलात मात्र वांधा झाला. संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो, तर निमल नाही. मी चौकशी केली. तिथे ड्रायव्हर लोकांसाठी मागच्या बाजूला वेगळी खोली असते, ते तिथेच जेवतात, तिथेच झोपतात, हा नियमच. मी काकांना सांगितलं. काकांनी घास खाली ठेवला. आमच्याकडे टेम्पो, ट्रक घरोघरी; लांबून गाडी आली की आधी ड्रायव्हरला ताट वाढतात, मग घरचे बसतात. काकांच्या घरात हे मी लहानपणापासून पाहिलंय. "ज्याच्या हातात आपला जीव दिला, तो मागं न आपून पुरं?" काका म्हणाले. "बोलव त्याला." मी मॅनेजरकडे गेलो. तो फार अदबीने बोलला, पण नाही म्हणाला. मी परत आलो तर काका उठून उभेच होते. "बरा. तो यवाचा न्हाय, त आपून जावाचा." आणि आम्ही चौघे, ताटं हातात घेऊन, त्या मोठ्या हॉटेलच्या स्वयंपाकघराला वळसा घालून मागच्या खोलीत गेलो. तिथे लाकडी बाकांवर बरेच ड्रायव्हर जेवत होते. आम्हाला बघून ते सगळे उभेच राहिले. काहीतरी तक्रार आहे असं त्यांना वाटलं असावं. निमल तर घाबरलाच. काका त्याच्या शेजारी बाकावर बसले आणि जेवायला लागले. काकीने घरून आणलेल्या सुक्या जवळ्याच्या चटणीचा डबा उघडून प्रत्येकाच्या ताटात चिमूट चिमूट वाढली. हळूहळू सगळे बसले. मग एकाने काहीतरी विनोद केला, खोलीभर हसू झालं. निमल हसला नाही. तो खाली बघून जेवत होता. बऱ्याच वेळाने मला एवढंच म्हणाला की इतकी वर्षं पाहुणे फिरवतोय, त्यांच्याबरोबर जेवलो नव्हतो.

त्यानंतर तो बदलला. म्हणजे काम तेच, पण आता व्हॅनमध्ये तो घरच्यासारखा बोलायला लागला. संगीता त्याला आमच्या पद्धतीने 'दादूस' म्हणायला लागली. दादूस म्हणजे भाऊ, हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, आम्ही तिघे भाऊच, बहीण नाही. दुसऱ्या दिवशी चहाच्या मळ्यांमधून चढत आम्ही सीतेच्या देवळात पोचलो. रस्त्याला लागूनच आहे ते, शेजारून ओढा वाहतो. काकी देवळात हात जोडून उभी राहिली आणि अचानक रडायला लागली. कारण सगळ्यांना ठाऊक होतं, पोरगी सासरी जाणार. शेवटी संगीताच म्हणाली, "आये, रडतस कनाला? मना काय रावन नेतंय? पडघ्याचा नवरा हाय, रिक्षानं येशील." रडता रडता काकी हसली. गाडीत बसल्यावर निमलने मला विचारलं, काय झालं? मी सांगितलं. मग बोलण्यातून बोलणं निघालं. संगीता म्हणाली, आमच्या लग्नात नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो आणि माझ्या बहिणीला नीट वागव म्हणून दम देतो. तिला सख्खा भाऊ नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "यो हाय, पन याच्या बोटात जोर न्हाय. पुस्तकाची पानं परतनारी बोटं." मी हे निमलसाठी सांगताना बोटांबद्दलचं गाळलं, तरी सगळे हसले म्हणून त्याने ते माझ्याकडून काढून घेतलंच. मग त्याने स्टिअरिंगवरचा एक हात उचलून आपलं जाड मनगट वळवून दाखवलं आणि म्हणाला, मी येतो. हा हात वळणांवर तयार झालाय.

गंमत म्हणून बोलला असेल असं मला वाटलं. काकांना तसं वाटलं नाही. आमच्यात लग्नाचं आवतण रस्त्यात उभ्या उभ्या देत नाहीत. घरी जाऊन, सुपारी आणि हळदीच्या अक्षता देऊन बोलवायचं असतं. शेवटच्या दिवशी कोलंबोला परतताना काकांनी हट्ट धरला, "याच्या घरी गारी घे." पाहुण्यांना घरी न्यायची त्यांच्या कामात रीत नाही, निमल नको नको म्हणत होता. पण केगल्ल गावाच्या पुढे त्याने गाडी आत वळवली. रबराच्या झाडांमधून कच्चा रस्ता, कौलारू छोटं घर, अंगणात वाळत घातलेले कपडे. त्याची बायको आणि आई धावपळ करायला लागल्या. काकीने आदल्या संध्याकाळीच हॉटेलात तिथल्याच तांदळाला तिथलीच हळद लावून अक्षता करून ठेवल्या होत्या. तिने त्या निमलच्या आईच्या ओंजळीत घातल्या, वर सुपारी ठेवली, आणि काका म्हणाले, "वैशाखात लगीन हाय. भावाचा मान तुझा. यवाचाच." मी हे इंग्रजीत सांगितलं आणि निमलने सिंहलीत सांगितलं. त्याची आई आत गेली आणि विड्याच्या पानांची जुडी घेऊन आली. निमलने ती दोन्ही हातांनी धरून, वाकून काकांच्या हातात दिली. आमच्यातही मोठ्यांचा मान पानांनीच करतात, तो म्हणाला, ही पानं दिली की शब्द दिला. मग जरा ओशाळून म्हणाला की आयुष्यभर परदेशी माणसांना फिरवलं, पण स्वतः कधी देशाबाहेर गेलेलो नाही, पासपोर्टही नाही. काका म्हणाले, "न्हाय? मग काढ की!"

आम्ही परत आलो. निमलचा फोन दोनदा आला. परदेशात मोबाइलवरून परवडत नाही म्हणून तो बूथवरून करायचा आणि माझ्याशी घाईघाईत बोलायचा. प्रत्येक वेळी संगीताला बोलव म्हणायचा आणि ती आली की दोघांनाही काय बोलावं कळायचं नाही, नुसते "दादूस", "हॅलो", "दादूस" चालायचं. दुसरा फोन संक्रांतीच्या सुमाराला. पासपोर्टचं काम सुरू केलंय, साहेबाकडून रजा मिळवलीय, असं म्हणाला. त्यानंतर आला नाही. आम्ही करायचो तर त्याचा मोबाइल बंद. सीझन असेल, काका म्हणाले. होळी झाल्यावर पत्रिका छापायला टाकल्या. आमच्याकडे पत्रिकेत घरातल्या सगळ्यांची नावं असतात. बंधू म्हणून काकांनी माझ्या नावाच्या वर निमलचं नाव घातलं, पूर्ण नाव, आडनावासकट. छापणाऱ्याने दोनदा विचारून घेतलं. एक पत्रिका मी लंकेला पोस्टाने पाठवली, तिचं उत्तर आलं नाही. बाकीच्या गावात वाटल्या आणि मग जो तो विचारायला लागला, "शेठ, यो कोन? आपल्यात या नावाचा कोन न्हाय." काका छाती पुढे काढून सांगायचे, लंकेचा पाहुणा येतोय. त्याच्यासाठी त्यांनी शर्ट-पँटचं कापड घेतलं, अंदाजाने शिवलं, टोपी आणली.

हळदीच्या दिवशी दुपारीच काका मला घेऊन मुंबईला सहार विमानतळावर गेले. घरी हळद दळायला बायका जमलेल्या, मांडवात बँजोवाले येऊन बसलेले, लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण आलेली, आणि घरचा कर्ता पुरुष सहारला. कोणत्या विमानाने येणार ते माहीत नव्हतं, येणार की नाही तेही. मी पुठ्ठ्यावर त्याचं नाव इंग्रजीत लिहून दिलं होतं, ते धरून काका कठड्याशी उभे राहिले. कोलंबोचं विमान आलं. लोक बाहेर पडत गेले. कुणी बुटका, पांढऱ्या शर्टातला दिसला की काका पुठ्ठा उंच करायचे. मी दोनदा म्हटलं, चला. "थांब, सामानाला टाइम लागतो," ते म्हणाले. आम्ही घरी आलो तेव्हा संगीता हळदीने पिवळी होऊन बसली होती. तिने आमच्या मागे पाहिलं आणि मान खाली घातली. लग्नात कान पिळायची वेळ आली तेव्हा भटजी थांबले, सगळे काकांकडे बघायला लागले. काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू ऊठ." निमलसाठी शिवलेला शर्ट काकीने मला घातला. तो खांद्यात सैल होता. मी नवऱ्याचा कान पिळला, लोक हसले, आणि मागून कुणीतरी म्हणालं, "शेठ, लंकेचा पाहुणा पूल बांधतंय काय अजून?"

तेव्हापासून गावात ते चालू झालं. कुणी शब्द देऊन आलं नाही की म्हणायचे, "निमल झाला." नाक्यावर, गोदामांच्या गेटवर, सगळीकडे. काकांनी हे थांबवलं नाही. उलट तेच सगळ्यांत जास्त बोलायचे. "यवाचा नव्हता त सुपारी घेवाची नव्हती," ते म्हणायचे. "आईच्या समोर पाना दिली न. आईच्या समोर!" त्यांना किती लागलं होतं ते मला दिसत होतं. संगीता माहेरी आली की एकदा तरी विचारायची, दादूसचा फोन आला का. काकी विषय बदलायची. मी घरी एकटा असलो की आठवायचो, मी अडल्यावर रस्त्याकडे बघत थांबणारा तो माणूस. तो खोटं बोलला असेल हे मला पटत नव्हतं. पण मग तो आला का नाही?

गणपती आटोपल्यावर कशेळीचे दामूशेठ कुटुंबाला घेऊन लंकेला गेले. काकांचे ते जुने ओळखीचे, ट्रकच्या धंद्यातले. जाण्याआधी ते काकांकडे माहिती विचारायला आले होते, तेव्हा काकांनी त्यांना सगळं सांगितलं, कुठे काय बघायचं, मासळी कुठे घ्यायची, आणि शेवटी म्हणाले, "निमल नावाचा गाइड भेटला त त्याच्या शब्दावर जाव नको."

काही आठवड्यांपूर्वी, एका रविवारी, दामूशेठ परत आले ते थेट वळला. काका ओट्यावर बसले होते. काकी सुपात तांदूळ घेऊन निवडत होती. मी पायरीवर पेपर वाचत होतो. दामूशेठना बघताच काका हसत म्हणाले, "या या. भेटला का आमचा शब्दाचा पक्का?"

दामूशेठ बसले नाहीत. चहापत्तीची पिशवी त्यांनी काकीपुढे ठेवली. म्हणाले, "शेठ, निमल वारला."

काका ओट्यावरून उठले. मग म्हणाले, "कोन बोलतंय?"

"तिथला आमचा डायवर, निमलच्या वळखीचा. भिवंडी नाव ऐकला न त्यानं गारी बाजूला घेतली. मना पन आधी खरा वाटला न्हाय. त्याच्या घरी जाऊन आलो मी, म्हातारीला बघून आलो."

"कवा?"

"होळीच्या आधी."

काकीचा हात सुपात थांबला. पत्रिका होळीनंतर छापल्या होत्या... ते माझ्या डोक्यात आलं आणि मी पेपर खाली ठेवला. काकांनी फार हळू आवाजात विचारलं, "गारीवर व्हता?"

"न्हाय. कोलंबोला गेलता, पासपोर्ट आनाला. मिलाला त्याला. येताना मित्राच्या मोटरसायकलवर मागं बसला व्हता, बशीनं उडवला. पासपोर्ट खिशातच व्हता." दामूशेठ आता ओट्यावर टेकले. "सकाली निंगताना त्याची आई बोलली, आज घरी पाहुणे हायेत, उद्या जा. त्यानं ऐकला न्हाय. बोलला, बहिनीचा लगीन हाय, हळदीच्या आधी पोचाला पायजे."